वर्लिन घाट कसा उतरला

वर्लिन स्ट्रोहने नेब्रास्कात सारी हयात शाळेची बस चालवली. तिथले मक्याच्या रानांतले रस्ते इतके सरळ की स्टिअरिंग धरायचं ते रीत म्हणून. निवृत्त झाल्यावर त्याने पलंग, शेगडी, संडास असं सगळं आत असलेली आरव्ही घेतली आणि बायकोला म्हणाला, "आर्डिथ, आता डोंगरातली पार्कं बघू. गाडीची काळजी तू करू नकोस."

रॉकी माउंटन पार्कच्या घाटात आधी झाडं संपली, मग कठडा संपला. उजव्या चाकापलीकडे नुसतं आकाश उरलं. वर्लिनने भर रस्त्यात गाडी थांबवली, ब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"काही नाही. इथंच मुक्काम करू."

"रस्त्यात?"

"जागा बरी आहे."

मागे रांग लागली. पुढे एल्क हरीण आडवं आलं असणार, असं समजून लोक कॅमेरे घेऊन उतरले. एकाने खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "कुठंय?"

"हा काय, इथं बसलाय," आर्डिथ म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "ऊठ."

"तुला जमणार नाही."

"लग्नाआधी बाबांचा बीटाचा ट्रक कोण हाकायचं?"

वर्लिन उठला. गाडीत बिनखिडकीची जागा एकच होती. तो संडासात गेला आणि कडी लावून घेतली. आर्डिथने सीट पुढे ओढली आणि गाडी काढली.

"काय दिसतंय?" आतून आवाज आला.

खाली, फार खाली, एक तळं बटणाएवढं चमकत होतं.

"मका," ती म्हणाली.

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"कसा आहे?"

"गुडघ्याएवढा."

"अजून? उशिरा पेरला मग. कुणाचं रान आहे?"

"पाटी नाही."

वर्लिन त्या अनोळखी शेतकऱ्याच्या आळसावर उतारभर बोलत राहिला. आर्डिथ हूं हूं करत वळणं घेत होती. आपण मजेत आहोत हे चौथ्या-पाचव्या वळणावर तिच्या लक्षात आलं, आणि तिला थोडं अपराधीही वाटलं.

मुक्कामाच्या तळावर पोचल्यावर वर्लिन बाहेर आला, चाकांखाली ठोकळे लावले, सॉसेज भाजायला घेतली. शेजारच्या तंबूतल्या माणसाने विचारलं, "घाट कसा वाटला?"

"गाडी ही चालवते," वर्लिन म्हणाला. "तिला विचारा."

आर्डिथने सगळं सांगितलं. दरी, बर्फ, समोरून आलेली बस. वर्लिन ऐकत राहिला आणि सॉसेज एका बाजूने काळी झाली.

"इतकं खोल होतं?" त्याने नंतर विचारलं.

"होतं."

"बरं चालवलंस."

सकाळी ती नकाशा उलगडून बसली होती.

"पुढच्या पार्काला जाताना घाट लागतो का?"

"दोन."

वर्लिनने पलंगावरची उशी उचलली, संडासात नेऊन ठेवली आणि दोघांची कॉफी ओतली.