शेवटचं वाक्य

आमच्या सरकारी रेडिओ केंद्रावर एक रीत आहे. बातमीपत्र लांबायला लागलं की काचेपलीकडून वृत्तसंपादक शिवदास सर दोन बोटांची कात्री करून दाखवतात. कात्री दिसली की हातातल्या बातमीचं शेवटचं वाक्य गाळायचं आणि पुढच्या बातमीवर जायचं. का, कशाला, असलं विचारायचं नाही. तेवढा वेळच नसतो हो!

शुक्रवारी संध्याकाळी तेच झालं. आयत्या वेळी आलेला कागद माझ्यापुढे सरकवला गेला आणि बघते तर काय, आमच्याच चाळीची बातमी. वाकोल्याची संघमित्रा चाळ. मी तिथेच वाढले. आई अजून तिथेच राहते, धाकट्या भावासोबत, आकाशसोबत. मी वाचलं, “संघमित्रा चाळीच्या पुनर्विकासाचा मार्ग मोकळा झाला असून बहुतांश रहिवाशांनी योजनेला संमती दिली आहे, असं संबंधित विभागानं कळवलं आहे.” पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं, “मात्र नव्या घराची लेखी हमी मिळेपर्यंत सह्या करणार नाही, अशी भूमिका रहिवाशांच्या समितीनं घेतली आहे.” ते बघून बरंसुद्धा वाटलं. तेवढ्यात कात्री दिसली, आणि मी हवामानावर गेले.

बाहेर येते तो आकाशचा फोन.

“ताई, लाज नाही वाटत? बहुतांश म्हणजे कोण गं? समितीत मी आहे ना! एकानंही सही केलेली नाही!”

“अरे, समितीचं वाक्य होतं. वेळ संपली.”

“वेळ बरोबर आमच्याच वाक्याला संपते ना तुमची? आमच्या टॅक्सवर चालता आणि सरकारची पिपाणी वाजवता!”

माझं डोकंच सटकलं. पिपाणी म्हणे! मागे दुसऱ्यांचं सरकार होतं तेव्हा आत्ताचे सत्तेवाले आम्हाला हेच म्हणायचे, तेव्हा आकाशला त्यावर टाळ्या वाजवायला मजा वाटत होती. मी त्याला तेच सुनावलं आणि फोन ठेवला. पण मुलुंडला घरी पोचले तरी ते डोक्यातून जाईना.

कारण खरंच, आम्हाला कुणी काही सांगत नाही. वरून फोन नाही, दम नाही. बातमी लिहायची आमची पद्धतच अशी की आधी सरकार काय म्हणालं ते, आणि ज्यांना ते पटलेलं नाही ते शेवटी. आणि कापायचं ते शेवटचं. मग दरवेळी कोण कापलं जातं? इतकी वर्षं वाचतेय, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता ह्याला पक्षपात म्हणायचं की घाई? खोटं तर मी एक अक्षर वाचलं नव्हतं. मग चोरी केल्यासारखं का वाटत होतं?

शनिवारी शिवदास सरांना गाठलं. “सर, हे बरोबर नाही. समितीचं म्हणणं आज द्या.”

“प्रियंका, तुझं माहेर आहे ना तिथे?” ते शांतपणे म्हणाले. “मग पक्षपात कोण करतंय?”

हेही काही खोटं नव्हतं ना! वाटच लागली माझ्या डोक्याची.

त्यांनाच बहुतेक दया आली. म्हणाले, “बरं, समितीकडून पक्कं करून घे. सह्या दिलेल्या नाहीत असं ते आजही म्हणत असतील, तर संध्याकाळी पहिली बातमी तीच घेऊ. शब्द आहे माझा.”

मी टॅक्सी करून थेट वाकोला गाठलं.

दारात आकाश बसला होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. आत आई रॅकवरची पितळी भांडी उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत होती, चेहरा नुसता फुललेला.

“आलीस? बाबासाहेबांचा फोटो तेवढा मी हातातून नेणार हां, टेम्पोत नाही टाकायचा.”

“आई, कुठे निघालीस?”

“कुठे म्हणजे? सकाळी सही करून आले ना! हा ओरडत होता, नको करू, नको करू. मी म्हटलं, गप रे. सरकारी बातम्यांत सांगितलं, तेही माझ्या पोरीनं. ती खोटं वाचेल होय?”

“आणि बाकीचे?”

“सगळे! शेजारच्या रत्नप्रभाच्या मोबाइलवर आख्ख्या चाळीनं ऐकली बातमी. बहुतांश लोकांनी दिली म्हणजे आपणच मागे राहिलो, असं वाटलं प्रत्येकाला. आपल्या कमलची पोर सांगतेय, असं सगळे मला म्हणाले, मग काय, रांगच लागली योजनेच्या ऑफिसात.”

“आणि लेखी हमी?”

“ती मिळेल गं नंतर. तू आहेस ना तिथे.”

मी आकाशकडे बघितलं. शिव्या तरी घाल रे, असं म्हणावंसं वाटलं. तो चपलेचा पट्टा नुसता लावत होता, काढत होता.

तेवढ्यात शिवदास सरांचा फोन आला. “हं, बोल. काय म्हणते समिती?”

“सर... सकाळी सगळ्यांनी सह्या दिल्या.”

“दिल्या ना? मग झालं तर! आपली बातमी बरोबरच होती की. उगाच जिवाला लावून घेतेस. संध्याकाळी वेळेवर ये.”

त्यांचं चुकलं कुठे, हे मला सांगता येईना. आणि बरोबर आहे, असंही तोंडातून निघेना.

“काय म्हणाले गं साहेब?” आईनं विचारलं.

“बातमी बरोबर होती म्हणाले.”

“मग!” आई आकाशकडे वळून म्हणाली. “तुला कालपासून काय सांगत होते मी?”

आणि तिनं पुढचं भांडं गुंडाळायला घेतलं.