पहिला श्वास

बूच अजून ओलं होतं, एका टोकाला जांभळं, दुसऱ्या टोकाला कोरडं, मधोमध एक बारीक काळसर रेघ... हातोहात फिरत ते तिच्यापर्यंत आलं तेव्हा तिने नुसतंच तळहातावर लोळवलं आणि पुढे दिलं. नाकाशी नेलं नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती. टेबलाच्या पलीकडे बाटली उघडली तेव्हाच तिला कळून चुकलं होतं. ओला पुठ्ठा. डेअरीच्या पॅकिंगच्या खोलीत एकदा नळ फुटला होता, खोकी दोन दिवस पाण्यात कुजली होती, आणि दार उघडल्यावर जो वास अंगावर आला होता तोच हा, फक्त पातळ, द्राक्षांच्या मागे लपून बसलेला. बाटली खराब होती. बुचाने दगा दिला होता. होतं असं एखाद्या बाटलीचं, बाकीच्या चांगल्या असतात — हे नवऱ्याच्या वाइनच्या पुस्तकात एका पानावर होतं आणि ते पान तिने वाचलं होतं. त्यानेही वाचलं असणार. त्या पानावर पेन्सिलीची खूण होती.

नवऱ्याने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. बाकी कोणी ग्लासला हात लावला नाही. नणंद, नवऱ्याचा मित्र डॉक्टर — दातांचा डॉक्टर, हा पीत नाही, ग्लासही घेत नाही, गाडी चालवायला आणि विनोद करायला येतो — आणि लेक, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. पाचही जणांपुढे एकेक कार्ड होतं, रंग, वास, चव आणि खाली एक रिकामी ओळ, आणि प्रत्येकाच्या हातात वायनरीने दिलेली बुटकी पेन्सिल.

"जुनं लाकूड," तो डोळे मिटून म्हणाला. "आणि माती. ओली माती. तळघरात गेल्यासारखं वाटतंय."

पेन्सिली चालू लागल्या.

नऊ वर्षं हे असंच चाललंय. नऊ वर्षांपूर्वी त्याने चार रविवारांचा एक वर्ग केला, त्याचं सर्टिफिकेट आणलं, आणि तेव्हापासून दर वर्षी एकदा सगळ्यांना गोळा करून कुठल्या ना कुठल्या वायनरीत जायचं हे ठरून गेलं. आधी त्याने बोलायचं, मग सगळ्यांनी घोट घ्यायचा, मग सगळ्यांनी लिहायचं. असा नियम कोणी केला नव्हता, पडत गेला. कार्डं तो घरी नेतो आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. एकदा डबा आवरताना तिने स्वतःची सगळी कार्डं सलग वाचून काढली होती. चेरी, मिरी, जुनं चामडं, सुकलेला अंजीर... अक्षर तिचं, शब्द एकूण एक त्याचे. तिला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही.

आणि गंमत अशी — गंमत कसली, संताप येतो — की तिचं पोटच नाकावर चालतं. बावीस वर्षं ती डेअरीच्या धक्क्यावर उभी आहे. सकाळी सहाला पहिला टँकर लागतो, ती शिडीवरून वर चढते, झाकण उघडलं की वाकते आणि श्वास घेते. एकच. पहिला श्वास खरा. दुसऱ्या श्वासाला नाक सवयीला लागतं आणि तिसऱ्याला खोटं बोलतं. यंत्रं नंतर लागतात, नमुने नंतर जातात. गाईने काय खाल्लं, टाकी धुतल्यावर नीट खंगाळली की नाही, दूध किती वाजता काढलं, हे त्या एका श्वासात असतं. तिने मान हलवली की हजारो लिटरचा टँकर तसाच परत फिरतो. ड्रायव्हर हात जोडतात, शिव्या देतात, एकाने तर शिडी धरून ठेवली होती, पण 'बाईंनी मान हलवली' म्हटलं की वरचा साहेबसुद्धा खाली येऊन विचारत नाही. कामाला जाताना ती पावडर लावत नाही, वासाचा साबण वापरत नाही, सकाळचा चहासुद्धा काम संपल्यावर पिते. आणि इथे, या गुळगुळीत लाकडी टेबलापाशी, कोणी विचारत नाही. एकाने तरी विचारावं ना!

विचारत नाहीत त्यालाही कारण आहे. पहिल्याच वर्षी, पहिल्याच वायनरीत, ती अजाणतेपणी बोलून गेली होती की याला औषधाच्या बाटलीसारखा वास येतोय. केवढे हसले होते सगळे. नवरा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि प्रेमाने, तिच्या पाठीवर हात ठेवून, वाइन ओतणाऱ्याला म्हणाला होता, हिला काही विचारू नका, हिची जीभ दुधावर वाढलीय. तेव्हापासून ती 'दूधवाली'. नणंद दर वर्षी न चुकता म्हणते, वहिनीला काय, हिला सगळं सारखंच लागतं. आजही गाडीत म्हणून झालं. त्या औषधाच्या वासाबद्दल तिने नंतर शोधलं. ते पण त्याच पुस्तकात होतं, नावासकट, दोषांच्या यादीत. ती बरोबर होती. पण तोवर विनोद जुना होऊन घरचा झाला होता. घरच्या विनोदाला काय सांगणार की तू चूक आहेस?

तो वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर चिडता येतं. हा तिच्या कंबरेसाठी घरून उशी घेऊन आलाय, काखेत मारून, सगळ्या लोकांसमोर, आणि बाकावर नीट लावून दिलीय. वर्षभर नकाशे काढून काढून वाकलेला माणूस इथे आला की ताठ होतो, दहा वर्षांनी लहान होतो. त्याला हे एवढंच आवडतं. मग आपण कशाला... एका बाटलीवरून... असं म्हणत म्हणत मी नऊ वर्षं मूग गिळून बसले, आणि त्याला मी समजूतदारपणा म्हणत आले.

तिने ग्लास उचलला, ओठ टेकवल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. मग सहज समोर पाहिलं.

लेकीने ग्लास नाकाशी नेला होता. आणि तिच्या नाकाची उजवी बाजू, फक्त उजवी, किंचित वर गेली. डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ. पण आईला त्या नाकपुडीची ओळख होती — आरशात, धक्क्यावरच्या स्टीलच्या टाकीच्या पत्र्यात, बावीस वर्षं ती तिला बघत आली होती. पोरीला कळलंय. देवा, हिला कळलंय! छातीत काहीतरी असं उसळून वर आलं की तिने टेबलाची कड धरली. लहानपणी ही पोर दप्तर उघडायच्या आधी सांगायची, केळं काळं पडलंय म्हणून. मी कशी विसरले?

लेकीने वडिलांकडे पाहिलं. ते डोळे मिटूनच होते, चेहऱ्यावर सुख. लेकीने ग्लास पुन्हा नाकाशी नेला नाही. एक मोठा घोट घेतला, गिळला, पेन्सिल उचलली आणि लिहिलं. अक्षर मोठं होतं, उलटं असूनही वाचता आलं. जुनं लाकूड. ओली माती.

"ठरलं," नवरा म्हणाला, "लग्नाला हीच."

लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. संध्याकाळच्या जेवणाला कुठली वाइन ठेवायची यावर महिनाभर घरात खल चालला होता. म्हणजे तो एकटाच बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. डॉक्टर म्हणाला, ज्याला दात किडवून घ्यायचेत त्याने हीच प्यावी, माझा धंदा चालेल. नणंदेने री ओढली की काय सुरेख आहे, तळघर अगदी जाणवतंय. आणि तिच्या मनात सगळं चित्र आधीच उभं राहिलं... लग्नाच्या दिवशी बाटल्या उघडतील, त्या स्वच्छ असतील, चांगल्या असतील, आणि हा पहिला घोट घेऊन कपाळाला आठ्या घालेल. म्हणेल, ती बात नाही. त्या दिवशीचं ते लाकूड नाही यात. फसवलं आपल्याला. आणि सगळे माना डोलावतील, चांगली वाइन खाली ठेवतील, आणि लेक, नव्या साडीत, नव्या माणसाशेजारी उभी राहून, म्हणेल हो बाबा, ती बात नाही. तिला हसावं की डोकं आपटावं कळेना.

वाइन ओतणारी बाई तिच्याच वयाची होती, केस आखूड कापलेले, हाताची नखं जांभळी. आधीच्या मोठ्या गटाचं आवरून ती घाईघाईत आली होती आणि बोलता बोलताच ओतत गेली होती. आता ऑर्डर लिहायला वही उघडताना तिने स्वतःसाठी एका ग्लासाच्या तळाशी थोडी ओतून घेतली, सवयीने नाकाशी नेली, आणि थांबली. वही तशीच उघडी राहिली.

"साहेब," ती जपून म्हणाली, "याचीच दुसरी बाटली उघडते. एकदा ताडून बघा, मग ठरवू."

"अहो, कशाला? हिच्यात काय कमी आहे?"

बाईने टेबलावरून नजर फिरवली, सगळ्या रिकाम्या होत आलेल्या ग्लासांवरून, आणि एका भरलेल्या ग्लासापाशी येऊन नजर थांबली. मग त्या ग्लासाच्या मागच्या चेहऱ्याकडे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाईने भुवया किंचित वर केल्या. सांगू का, असं विचारत होती ती. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. नेमकं जिला कळतं तिलाच, नेमकं जे विचारायला हवं तेच.

आणि तिने मान हलवली. नको.

तीच मान, तेवढीच, डावीकडून उजवीकडे, एकदा. बाईने वही जवळ ओढली आणि लिहायला सुरुवात केली.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून कागदात गुंडाळून मिळाली. नवरा आणि डॉक्टर काउंटरपाशी पत्ता लिहून देत होते, नणंद बागेत फोटो काढत होती. ती हात धुवायच्या बेसिनपाशी उभी होती, विनाकारण हात धूत. लेक येऊन शेजारच्या नळाखाली बोटं धरून उभी राहिली. आरशात दोघींचे चेहरे एकाशेजारी एक आले.

"आई," लेकीने हळूच विचारलं, "तुला पण तसलाच वास आला का गं?"

"कसला?"

हे आपण बोललो हे तिला ऐकू आल्यावरच कळलं. इतकं सहज गेलं तोंडातून. सवयीने, नाकाला सवय लागते तसं. लेकीने नळ बंद केला.

"काही नाही. मलाच वाटलं असेल."

मलाच वाटलं असेल. हे वाक्य कोणाचं आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने पोरीला कधी स्वयंपाक नीट शिकवला नाही, शिवण शिकवलं नाही, नोकरीमुळे जमलं नाही म्हणून कितीदा रडली असेल. हे मात्र न शिकवता शिकवलं, अगदी पक्कं, दर वर्षी उजळणी घेऊन.

गाडीत डॉक्टर चालवत होता, नवरा पुढे त्याच्याशेजारी, पाहुण्यांच्या यादीबद्दल बोलत. मागे एका खिडकीशी नणंद पेंगत होती, दुसऱ्या खिडकीशी लेक बाहेर बघत होती, आणि मधे ती, पाठीला उशी, मांडीवर बाटली. ऊन अजून बरंच होतं. सकाळपासून ती नवऱ्यावर चिडत होती, नणंदेवर चिडत होती, त्या जुन्या विनोदावर, पुस्तकातल्या खूण केलेल्या त्या पानावर. आता ती सगळी चीड शोधूनही सापडेना. पुढच्या सीटवरच्या मानेकडे तिने पाहिलं — केस मागे विरळ झालेले, कॉलर एका बाजूला दुमडलेली — आणि त्या मानेवर ओतायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं. हजारो लिटर दूध मी परत पाठवलं, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, आणि एक ग्लास मला परत पाठवता आला नाही. याने कुठे माझं तोंड धरलं होतं? आणि आज तर विचारलंसुद्धा होतं कोणीतरी.

तिने कागद उलगडला. बूच अर्धं बाहेर होतं, ते अंगठ्याने वर ढकललं, बारीकसा आवाज झाला. एकच श्वास घेतला. शंका नव्हतीच. मग तिने बूच परत लावलं नाही, मुठीत धरून ठेवलं. बंद काचांच्या गाडीत, उन्हाने तापलेल्या सीटांमध्ये, वास हळूहळू पसरायला लागला. कुजलेली खोकी. धक्क्यावर असती तर तिने आतापर्यंत मान हलवून टँकर परत फिरवला असता.

"काय वास सुटलाय बघा," नवरा पुढून म्हणाला, मागे न बघता, खूश होऊन. "बाटली उघडली का कुणी?"

लेकीचा हात मांडीवरून उठला, नाकाकडे निघाला, आणि अर्ध्यावर थांबला. तिने हळूच मान वळवून आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं. मुठीतलं बूच घामाने पुन्हा ओलं झालं होतं. मी उघडली, असं म्हणायचं, आणि त्यानंतर एक वाक्य, चार शब्दांचं, ही बाटली खराब आहे, ड्रायव्हरांशी बोलते त्याच आवाजात... पहिला श्वास कधीच होऊन गेला होता, दुसराही, तिसराही, आणि आश्चर्य म्हणजे नाक अजून खोटं बोलत नव्हतं. पोरीचा हात अजून अर्ध्यावरच होता, आणि ती वाट बघत होती.