अर्धी नोंद

दिल्लीतल्या मराठी माणसांच्या सभेत भांडण व्हायचं ते नाटकाच्या तारखेवरून किंवा बटाटेवड्यांच्या कंत्राटावरून, हे ठरलेलं. पण त्या रविवारी सरोजिनी नगरातल्या एका छोट्या मराठी मंडळाच्या सभेत चक्क शांतता पसरली, आणि ती एका नावाने.

"तहसीन मुजावर," मंडळातली सर्वांत तरुण सभासद कृतिका म्हणाली. "गणेशोत्सवात एक संध्याकाळ तिला देऊ या ना! मूळची मिरजेची आहे. एका न्यूज पोर्टलमध्ये रिपोर्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी स्टँड-अप करते. यार, काय हसवते!"

अध्यक्ष नरसिंहराव चष्मा पुसू लागले. "कलेला धर्म नसतो. बिल्कुल नसतो. पण..."

वाचकहो, हा 'पण' आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गेल्या वर्षी आलेल्या मिमिक्रीवाल्याने बायकांवर असे पाचकळ विनोद केले होते, की चार जणी उठून गेल्या. तरी तो काय बोलणार, हे आधी कोणी विचारलं नव्हतं. आपला तो बाब्या! तहसीनच्या बाबतीत मात्र ठरलं, की कोणीतरी आधी जाऊन तिचा कार्यक्रम ऐकून यावा.

काम आलं अरुणाताईंकडे. चौतीस वर्षं त्या केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनो होत्या. मंत्री कितीही भरभर बोलोत, बाईंचा एक शब्द सुटत नसे. 'अरुणाताईंनी लिहिलं म्हणजे शब्दाला शब्द' ही त्यांची आयुष्यभराची कमाई. मंडळींना त्यांचाच भरवसा.

पुढच्या शनिवारी दुपारी ताई कॅनॉट प्लेसमागच्या एका कॅफेच्या तळघरात जाऊन बसल्या, शेवटच्या रांगेत, पाठ भिंतीला लावून. आजूबाजूची पोरं कुजबुजली, तरी त्यांना वाटे, आपल्याविषयीच बोलतात. मंचावर आलेली मुलगी जीन्स-कुर्त्यात होती. तिच्या हिंदीला मिरजेचा हेल होता. ताईंनी वही काढली. तहसीनची नजर क्षणभर त्या वहीवर थांबली. 'पाहिलंस? मनात खोट आहे म्हणूनच दचकली,' ताई स्वतःशी म्हणाल्या.

"घर बघायला जाते," तहसीन सांगत होती, "घरमालक विचारतात, नॉनव्हेज खाता? मी म्हणते, नाही हो, मी शाकाहारी आहे. बिचारे इतके गोंधळतात! नाही म्हणायला दुसरं कारणच सापडत नाही."

लोक खदखदून हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांना हा आपल्याच लोकांना मारलेला टोमणा वाटला. आणि थोड्याच वेळात ते वाक्य आलं: "गणपतीचे दहा दिवस म्हणजे मला शिक्षा! कधी एकदा विसर्जन होतंय, असं होतं."

ताईंनी त्याखाली दोन रेघा मारल्या. सापडलं! पुढे ती बरंच बोलली. सवयीचा हात ते लिहीतही गेला, पण मन तिथेच अडकलं होतं. पुढचं सगळं सारवासारव, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

घरी पोहोचायच्या आधीच मेट्रोतून त्यांनी कार्यकारिणीच्या ग्रुपवर ते एक वाक्य टाकलं. वर लिहिलं, 'माहितीसाठी.' कोणीतरी ते पुढे पाठवलं आणि खाली आपली जोड दिली, 'निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने स्वतः ऐकून केलेली नोंद.' मग काय! दोन दिवसांत ते वाक्य नोएडा, गुडगाव, पार पुण्यापर्यंत फिरून आलं.

बुधवारी सकाळी कृतिका दारात उभी राहिली. डोळे लाल.

"काकू, कॅफेने तिचे सगळे शो कॅन्सल केले. ऑफिसने चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. हॉस्पिटलांतल्या रुग्णांच्या हालांवर चार महिने बातम्या शोधत होती ती, त्याही दुसऱ्याला दिल्या. ती असं बोलली होती का हो?"

"बोलली होती. मी काय खोटं लिहीन?" ताई ताडकन म्हणाल्या.

आत बसलेले त्यांचे यजमान उल्हासराव उठून आले. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. आवाज कधी चढायचा नाही. "अरुणा, वही आण. पूर्ण वाच."

ताईंनी वही आणली. त्या शॉर्टहँडच्या खुणा त्यांच्याशिवाय घरात कोणाला वाचता येत नव्हत्या. त्या वाचू लागल्या. "'कधी एकदा विसर्जन होतंय, असं होतं. कारण आमच्या गल्लीतल्या मंडपाचं लायटिंग अब्बांकडे. दहा दिवस जेवायलाही घरी येत नाहीत, आणि अम्मीचा सगळा राग माझ्यावर! मिरवणूक गेली, की अम्मी म्हणते, बाप्पा गेले गं, आता तुझा बाप येईल.'"

ताईंनी वही मिटली.

"मंत्र्याचं भाषण असं अर्धं टाइप केलं असतंस?" उल्हासरावांनी विचारलं.

"नोकरी गेली असती माझी."

"आता तिची जातेय. अगं, लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला! तू तिथे ऐकायला गेलीच नव्हतीस. पकडायला गेली होतीस. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं झालं हे."

केवढी शरम वाटली ताईंना! चौतीस वर्षांची अब्रू त्यांनी आपल्याच हाताने एका मुलीच्या पोटावर पाय द्यायला वापरली होती.

त्यांनी त्याच दिवशी पूर्ण नोंद टाइप केली, खाली सही केली आणि लिहिलं, 'अर्धं वाक्य मी पाठवलं. चूक संपूर्ण माझी आहे.' नरसिंहरावांचा फोन आला, "ताई, झालं ते झालं. विषय वाढवू नका, मंडळाचं नाव खराब होईल." ताई म्हणाल्या, "मुलीचं नाव खराब झालं, तेव्हा आपण कुठे होतो?" त्यांनी तो कागद सगळ्या ग्रुपांवर टाकला. मग तहसीनच्या संपादकाकडे स्वतः गेल्या, कॅफेवाल्याकडेही गेल्या. जिथे बसवलं नाही तिथे उभ्या राहून बोलल्या. अर्धं वाक्य दोन दिवसांत पुण्याला पोहोचलं होतं. पूर्ण वाक्य मात्र ढकलावं लागत होतं. आठवड्याने तहसीनला कामावर परत बोलावलं. शो सगळे काही परत मिळाले नाहीत.

ताई तिला भेटायला तिच्या ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर गेल्या.

"मला माफ कर, बाळ. तुझे वडील बाप्पाच्या मंडपात राबतात, आणि मी..."

"काकू, माफ केलं," तहसीन म्हणाली. "पण एक विचारू? अब्बा लायटिंग करत नसते तर? मला खरंच गणपतीचा गोंगाट आवडत नसता तर? तुमच्यातल्या एखाद्या वेदांतला किंवा मानसला तो आवडत नाही, तर त्याची नोकरी जाते का?"

ताईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"माझ्या प्रत्येक शोला एक तरी वही असते," ती पुढे म्हणाली. "मी विनोद लिहिते तेव्हा विचार करते, हा कुठे तोडला तर मी अडकेन? इतर कॉमेडियन लोक हसतील का, एवढाच विचार करतात."

"या वर्षी आमच्याकडे येशील?"

"या वर्षी नको. पुढच्या वर्षी बोलवा. फक्त त्या मिमिक्रीवाल्याला बोलावलंत ना, तसं बोलवा. न तपासता."

ताईंनी मंडळाच्या पुढच्या सभेत तिचा हा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि ठराव मांडला: तपासायचं तर सगळ्यांना, नाहीतर कोणालाच नाही. नरसिंहरावांनी पुन्हा चष्मा पुसला. "ठराव उत्तम आहे, पण..." ते म्हणाले. समोर बसलेल्या बायका हसल्या. नरसिंहराव ओशाळले आणि सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला.

वाचकहो, संशय कोणाच्या मनात येत नाही? पण माणूस चांगला निघाला म्हणून आपण त्याला सोडून देतो, तेव्हाही आपण न्यायाधीशाच्या खुर्चीतच बसलेले असतो. ती खुर्ची आपल्याला कोणी दिली? हातातला मेसेज पुढे पाठवण्याआधी पूर्ण ऐका. आणि ज्याचं नाव ऐकून तुमच्या तोंडी 'पण' येतो, त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्याकडून चांगलेपणाचा दाखला मागू नका.