ढगोबाचा शेवटचा फॉर्म

भिंगरी दुकानात शिरली ती पुस्तक टेबलावर आपटतच. खळीचं भांडं हललं आणि आत्याच्या हातातली सुई थांबली.

"फाड हे!"

आत्याचा उभा जन्म पुस्तकं शिवण्यात गेलेला. बाइंडिंगच्या दुकानात येऊन दुसऱ्या कोणी हा शब्द काढला असता, तर तिने त्याला आल्या पावली परत पाठवलं असतं. पण भाचीपुढे तिचं काही चालत नसे.

"आधी झालं काय ते तर सांग."

"स्वप्न होतं म्हणे! सहा भाग वाचले, आत्या, पाच वर्षं! आणि शेवटच्या पानावर ती मुलगी जागी होते, दात घासते आणि शाळेत जाते. ढगोबा नव्हताच! मग तिसऱ्या भागात मी दोन दिवस जेवले नाही ती कोणासाठी?"

"एक वेळ जेवली नाहीस. रात्री दोन्ही वेळचं वसूल केलंस."

ढगोबा म्हणजे डोंगराएवढा केसाळ प्राणी. तो शिंकला की गावभर पाऊस पडे, आणि काही केल्या त्याला हसू म्हणून येत नसे. दर शनिवारी भिंगरी स्टुलावर बसून त्याची गोष्ट मोठ्याने वाची आणि आत्या ऐकता ऐकता शिवे. मध्येच गिऱ्हाईक आलं तर दोघी एका सुरात "एक मिनिट!" म्हणून ओरडत. या वेळी मात्र बाईसाहेबांना दम निघाला नव्हता. शेवटचं प्रकरण घरी एकटीनेच वाचून टाकलं होतं. आत्याला ते लागलं. त्यात सकाळी वहिनीचा फोन: "संपलं ना एकदाचं पुस्तक? आता शनिवारी हिला पोहायला घालते." लेखकाने ढगोबाला मारून टाकलं असतं तरी आत्याने पोटात घातलं असतं. पण त्या मेल्याने तिचे शनिवार संपवले होते.

"फाडायचं नसतं," ती म्हणाली. "उसवायचं असतं."

तिने पुठ्ठा सोडवला, दोरा अलगद कापला आणि शेवटचा फॉर्म बाहेर काढला. एक मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा केलेला, तो फॉर्म. भिंगरीने शेवटचं पान चिमटीत धरून ओढलं. त्याच्याबरोबर फॉर्मचं पहिलं पानही सरकत बाहेर आलं.

"हे कशाला येतंय?"

"घडीचा कागद आहे. पहिलं आणि शेवटचं पान घडीत एकमेकांना जोडलेलं. काय आहे त्या पानावर?"

भिंगरीने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ढगोबा हसतो ते."

"हसला?" आत्याची सुई खाली पडली. "ढगोबा हसला आणि मला पत्ता नाही?"

"रागात राहिलंच सांगायचं."

"वाच. आधी वाच!"

भिंगरीने वाचलं. ढगोबा शिंकतो, स्वतःच्याच पावसात घसरून चिखलात बसतो आणि पहिल्यांदा हसतो. ते हसू भिंगरीने इतकं गडगडाटी काढलं की दारातलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरलं. दोघी ओरडल्या, "एक मिनिट!" आत्याने डोळे पुसले. हसून पाणी आलं होतं, पण सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

"आता ठरव," ती म्हणाली. "शेवट काढलास तर हसणंही जाईल."

भिंगरीने बराच वेळ नखं खाल्ली. "राहू दे तो भिकार शेवट. पण त्याच्या पुढे काही जोडता येतं?"

आत्याने कोरा कागद घेतला, घड्या घातल्या आणि जुन्या फॉर्ममागे नवा लावून शिवायला बसली. तोवर भिंगरीची गोष्ट सुरूही झाली होती: "ती दात घासत असते ना, तेवढ्यात मागे कोणीतरी शिंकतं..."

शेवटचा टाका पडला. आत्या गाठ मारणार, तोच भिंगरीने तिचा हात धरला.

"गाठ नको."

"अगं, उसवेल सगळं."

"सोळा पानांत काय होतंय? पुढच्या शनिवारी दुसरा फॉर्म लागेल."

"शनिवारी तुला पोहायला जायचंय."

"ते रविवारी. आईला तू सांग, माझं ती ऐकत नाही."

आत्याने आयुष्यात पहिल्यांदा गाठ न मारता सुई दोऱ्यालाच लोंबती ठेवली आणि वहिनीला फोन लावला.