बिनकोयंड्याची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कुठल्या दाराची, हे ऐकून नाक मात्र मुरडू नका. कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात बायकांच्या संडासाच्या दाराला आतून मी लावलेली आहे. दिवाणखान्याच्या दाराची असते, तर तुम्ही माझी गोष्ट हौसेने ऐकली असती. पण माझ्यावाचून माणसांचं काय होतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून सांगते.

माझा जन्म एका छोट्याशा लोखंडकामाच्या दुकानात झाला. कारागिराने एका सळईचे दोन तुकडे केले. मोठा वाकवून मला घडवलं आणि लहान वाकवून माझा कोयंडा केला. आमच्या कडा कानशीने घासल्या, काळा रंग दिला आणि आम्हाला एकाच खिळ्याला टांगलं. पुढे एका सुताराने मला या दारावर बसवलं, कोयंड्याला चौकटीवर. आत उभं राहून त्याने मला अडकवलं आणि खांद्याने दार रेटून पाहिलं. दार तसूभर हललं नाही. सुतार स्वतःशीच हसला. तो माझ्या आयुष्यातला मोठा मानाचा क्षण.

माझी सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. बायका आत यायच्या, मला लावायच्या आणि सुटकेचा श्वास सोडायच्या. बाहेर शिवणयंत्रांचा खडखडाट, सुपरवायझरच्या हाका. आत घटकाभर कुणाचाच त्रास नाही. एखादी केस नीट करायची, एखादी डोळे पुसून घ्यायची. त्या सगळ्यांची लाज मी राखत होते.

मग वरच्या पाइपातून चौकटीवर पाणी झिरपू लागलं. लाकूड फुगलं आणि हळूहळू कुजलं. कोयंड्याचे स्क्रू सैल झाले, पण कुणी लक्ष दिलं नाही. एके दिवशी तो गळून पडला आणि केरात गेला. मी दारावर होते, पण अडकू कशात? मी नुसती लोंबकळत राहिले. दार आपोआप बाहेर उघडायचं आणि समोरच इस्त्रीवाल्यांची टेबलं होती.

बायकांनी त्यावर तोड काढली. दोघी-दोघी यायच्या. एक आत, दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी. पण सुपरवायझरला ते खपेना. ते सारखे 'घाई करा, घाई करा' म्हणायचे, म्हणून त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत. ते ओरडले, "एकीला जायचंय, तर दुसरी कशाला? सहल आहे का?" कडी लागत नाही, हे त्यांना सांगायला कुणाचीच जीभ रेटेना. मग बायकांनी पाणी पिणंच कमी केलं. पाणी नको, म्हणजे जायला नको. सकाळी आलेली बाई संध्याकाळी घरी जाऊनच मोकळी व्हायची.

त्यांत एक नणंद-भावजय होत्या. दोघींची यंत्रं शेजारी-शेजारी. नणंद आवाजाने इतकी खणखणीत, की तिला तोफ हेच नाव पडलं होतं. भावजय अगदी अबोल. तोफ तिला वहिनी म्हणायची, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी झाली होती. ती कॉलर शिवायची. कॉलर वाकडी आली तर स्वतःच उसवायची, पण कुणाकडे काही मागायची नाही.

एक दिवस वहिनी वरचेवर येऊ लागली. आत यायची, ओठ घट्ट मिटून बसायची, आणि लघवी थेंबभरच व्हायची. पुन्हा थोड्या वेळाने यायची. तोफेने बाहेरून विचारलं, "काय होतंय गं?"

"आग होते. आणि सारखी लागल्यासारखी वाटते."

"पाणी पितेस का?"

"प्यायले तर परत यावं लागेल ना!"

बाहेरच्या बेसिनपाशी बायकांनी आपापले उपाय सांगितले. एक म्हणाली, जवाचं पाणी पी. दुसरी म्हणाली, लिंबाचं सरबत घे. तिसरी म्हणाली, पोट शेकून बघ. वहिनीने घरी जवाचं पाणी घेतलं आणि कारखान्यात पुन्हा तोंड कोरडं ठेवलं. असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी ती आत आली ती थरथर कापतच. अंगात ताप होता, कमरेच्या वर पाठ ठणकत होती, उलटी झाली. एका हाताने तिने मला धरलं. तिचा हात चटका बसावा इतका तापला होता. मला तिला आधार देता आला नाही, कारण दार उघडलं आणि ती बाहेर तोफेच्या अंगावर कोसळली.

त्यानंतर वहिनी दिसली नाही. ती दवाखान्यात होती.

दुसऱ्या दिवशी तोफ एकटीच आली. हात धुता धुता ती बायकांना सांगत होती. आवाज नेहमीचा नव्हता. "लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय. तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर पिणं चांगलं, जवाचं पाणी प्यायलं तरी हरकत नाही. पण जंतू आत शिरून आग, ताप सुरू झाला की औषधच लागतं. आणि एवढा वेळ रोखून का धरलं, असं त्यांनी विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

तोफेने हात पुसले. ती आत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग कात्रीच्या टोकाने तिने माझे स्क्रू काढले.

मित्रांनो, बसवल्यापासून मी पहिल्यांदाच दारावरून उतरले. तिच्या मुठीतून मी ते मोठं दालन पाहिलं, यंत्रांच्या रांगा पाहिल्या, वहिनीची रिकामी खुर्ची पाहिली. तोफ थेट घाईसाहेबांच्या टेबलाशी गेली आणि तिने मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय?"

"बायकांच्या संडासाची कडी. तिला कोयंडा नाही, दार लागत नाही. दोघी गेलो तर तुम्ही ओरडता. म्हणून आम्ही लघवीला जात नाही, साहेब. म्हणून पाणी पीत नाही. म्हणून माझी वहिनी सलाईनवर आहे."

'लघवी' हा शब्द तिने तोफेच्याच आवाजात उच्चारला होता. एकेक यंत्र थांबत गेलं. पुरुष खाली बघू लागले. घाईसाहेबांचे कान लाल झाले.

"मला आधी का नाही सांगितलं?" ते पुटपुटले.

"कसं सांगणार? तुम्हालाही आता ऐकवत नाहीये."

तेव्हा कापड कापणारे मास्तर उठले. ते फारसं बोलत नसत. "पुरुषांच्या दाराचा कोयंडा चांगला आहे," ते म्हणाले. "तो काढून तिकडे लावू. नवीन येईल तेव्हा आपल्याला."

आणि खरंच तसं झालं. मास्तरांनी चौकटीचं कुजलेलं लाकूड तासून नवा तुकडा बसवला आणि त्यावर तो कोयंडा ठोकला. उतारवयात माझं दुसरं लग्न झालं म्हणा ना! इकडे पुरुषांची मात्र पंचाईत झाली. घाईसाहेब आत गेले की सारखे खोकत राहायचे, कुणी दार ओढू नये म्हणून. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवा कोयंडा फार लवकर आला. सोबत साबण आला, पाइप दुरुस्त झाला आणि दालनात पिण्याच्या पाण्याचा माठ आला.

वहिनी परत आली तेव्हा वाळून काडी झाली होती. बरं वाटतंय म्हणून ती उरलेल्या गोळ्या सोडायला निघाली होती. तोफेने तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "डॉक्टरीणबाईंनी संपेपर्यंत घ्यायला सांगितल्यात. संपेपर्यंत म्हणजे संपेपर्यंत!" वहिनीने निमूट गोळी घेतली आणि वर ती पेलाभर पाणी प्यायली.

थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. तिने दार ओढून घेतलं आणि मला कोयंड्यात सरकवलं. बाहेर तोफ सवयीने दाराला पाठ लावून उभी होती.

"जा गं तू," वहिनी आतून म्हणाली. "कडी लागलीये."

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, कडा झिजल्या आहेत. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तहान लागली की पाणी प्या. लघवी लागली की रोखून धरू नका. पुसताना पुढून मागे पुसा. आग झाली, ताप आला, तर आईला, ताईला, बाबांना, बाईंना, ज्यांच्याशी बोलता येईल त्यांना लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या शाळेत एखाद्या दाराची कडी लागत नसेल, तर तेही सांगा. कुजबुजत नको. मोठ्याने सांगा.