नसलेली तुळई

दारातून आत येताना पाहुण्या खलाशानं मान खाली घातली, आणि म्हातारीच्या हातातला पेला टेबलावर टेकता टेकता राहिला.

दार चांगलं उंच होतं. पोरगा बेताच्या उंचीचा. वाकायचं काही कारण नव्हतं. पूर्वी होतं. पूर्वी त्या जागी एक बुटकी तुळई आडवी होती, आणि ती चुकवायला घरातलं माणूस अशीच, जराशी डावीकडे, मान घालायचं. म्हातारीच्या मुलाच्या कपाळावरची खोक त्या तुळईचीच. तो गेल्यानंतर काही वर्षांनी भिंत खचली, तेव्हा तुळईही निघाली.

“या, बसा,” सून म्हणाली, आणि त्याला भाषा कळत नाही हे आठवून तिनं हातानं खुर्ची दाखवली.

बंदर-कचेरीचा ड्रायव्हर बाहेरच थांबला. “आजी, पोरगं अजब आहे बघा. मी वळण चुकून पुढे चाललो होतो, तर यानंच खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवली. आणि म्हणे या देशात पहिल्यांदा आलाय.”

“तुला आपल्याच गावातलं वळण दाखवायला परदेशातून माणूस आणावं लागलं का रे?” म्हातारी म्हणाली. पण बोलण्याला रोजची धार नव्हती.

मित्रदेशाची दोन जहाजं बंदरात आली होती. बँड वाजला, साहेबांनी एकमेकांना चांदीच्या भेटी दिल्या, आणि मैत्री घट्ट व्हावी म्हणून एकेका खलाशाला एकेका घरी दुपारच्या जेवणाला धाडलं. ज्या घरातलं कुणी नौदलात होतं, त्यांना पहिला मान. म्हातारी असले मान ओवाळून टाकणारी. पण तिचा मुलगा असल्याच मैत्रीच्या फेरीवर याच मित्रदेशाला गेला होता. तिथल्या किनाऱ्यावर उतरला, तो पुन्हा जहाजावर चढला नाही. बुडाला, असं नौदलानं कळवलं. देह काही सापडला नाही.

“मासा कधी बुडतो का?” असं तिनं तेव्हा विचारलं होतं, आणि पंचवीसेक वर्षं जो भेटेल त्याला विचारत आली होती. गल्ली तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मुलगा येईल तेव्हा घालील म्हणून विणलेला निळा स्वेटर ती दरवर्षी ऊन दाखवून परत कपाटात ठेवायची. स्वेटरसारखीच तिनं सूनही ठेवून घेतली होती.

आता चौकातल्या चष्मेवाल्यानं, विधुर माणसानं, सुनेला लग्नाचं विचारलं होतं. “सगळ्या गावाची नजर तपासतो, आणि स्वतःची बरोब्बर माझ्या घरावर ठेवून बसलाय,” म्हातारीनं ऐकवलं होतं. सून ‘आई म्हणतील तसं’ एवढंच बोलली. आणि आईचं म्हणणं एकच: “नवरा जिवंत असताना?” आज संध्याकाळी तो शेवटचं उत्तर घ्यायला येणार होता.

सून स्वयंपाकघरात वाढायला गेली. पाहुणा हात धुवायला निघाला. कुठे जायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या तोंडाशी त्यानं पाय उंच उचलला, उंबरा ओलांडावा तसा. फरशी सपाट होती. उंबरा कधीच काढून टाकला होता.

परत येऊन तो बसला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. जवळ गेला, गिलाव्यावर बोटं टेकली, आणि कुणीतरी फसवल्यासारखा म्हातारीकडे वळला.

तिथे खिडकी होती. तिच्यातून समुद्र दिसायचा. पलीकडे गोदाम उभं राहिलं, तेव्हा ती चिणून टाकली.

पोराचे केस तांबूस, डोळे राखी. तोंडावळा मुलाचा नव्हता. मुलाचा असता तर डोळ्यांचा भास म्हणून म्हातारीनं सोडून दिलं असतं, ती भ्यायली नसती.

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. हे घर याला कुणीतरी शिकवलं होतं. दूरच्या कुठल्याशा अंगणात जमिनीवर रेघा मारून: इथे तुळई, वाक, इथे उंबरा, पाय उचल, इथून समुद्र. लहान पोरांना असले खेळ भारी आवडतात. फक्त शिकवणाऱ्याला घर बदललेलं ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला तो आलाच नव्हता.

म्हणजे तिचंच खरं होतं, मुलगा बुडाला नव्हता. सगळ्या जगाशी भांडली, आणि एकटी खरी ठरली.

पाहुणा मुकाट्यानं जेवला. उठताना त्यानं जहाजाची भेट पुढे केली: लाकडी ढाल, तिच्यावर पितळी जहाज. सुनेनं परतभेट म्हणून भरतकामाचा रुमाल आणला.

“राहू दे तो,” म्हातारी म्हणाली, आणि कपाट उघडलं.

स्वेटर पोरानं तिथल्या तिथे अंगात घातला. बाह्या मनगटाला नेमक्या आल्या.

“आई, हा तर यांचा...”

“किती वर्षं कसरीला पोसायचं?”

पोरगा म्हातारीसमोर क्षणभर उभा राहिला, काही विचारायचं असल्यासारखा. मग दाराकडे गेला, मान खाली घातली आणि बाहेर पडला. गाडीचा आवाज वळणावर विरला.

“एवढं उंच दार, आणि जाता-येता वाकतो कशाला?” सुनेनं विचारलं.

म्हातारीनं उघडं राहिलेलं कपाट लावून घेतलं.

“त्यांच्याकडची रीत असेल,” ती म्हणाली. “आणि हे बघ. संध्याकाळी तो चष्मेवाला आला की दारात ताटकळत ठेवू नकोस. आत घे. हो म्हणून सांग.”

सुनेच्या हातातला रुमाल तसाच राहिला. “पण तुम्हीच म्हणायचात ना, नवरा...”

“बुडाला तुझा नवरा. तेव्हाच बुडाला. म्हातारीच्या हट्टाला तू इतकी वर्षं कान दिलास, ते तुझं चुकलं.”

सून डोळ्यांना रुमाल लावून खाली बसली. पुष्कळ वेळानं उठली आणि भांडी गोळा करू लागली.

म्हातारी पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसली, चिणलेल्या खिडकीच्या भिंतीकडे तोंड करून.

“तिकडे काय बघताय, आई?”

“वारा कसा आहे ते,” म्हातारी म्हणाली.