शल्यविभागातली रिकामी जागा

शल्यविभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. चार वर्षांत तीन शिकाऊ सर्जन त्यांच्या हाताखालून निघून गेले होते आणि या खेपेस एकुलता एक अर्ज आला होता. आज जागा भरली नाही तर ती रद्द होणार होती, आणि तिच्याबरोबर दुसरे ऑपरेशन थिएटरही बंद. साठी उलटलेल्या सरांना एकट्याने भार ओढणे आता झेपत नव्हते.

“सर, आज तेवढं गोड बोला,” थिएटरच्या जुन्या सिस्टर म्हणाल्या. “निदान मुलगी रुजू होईपर्यंत.”

“मी काय चावतो का?”

“चावत नाही हो. पण चिमट्याला जरा सुट्टी द्या.”

सर हसले. त्यांच्या गुरूंनी बोटांच्या पेरांवर स्टीलचा चिमटा हाणूनच त्यांना घडवले होते. आपला हात बसला तो त्यामुळेच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मुलगी आली, मोजकेच बोलली. सरांनी फोमच्या तुकड्यावर टाके घालायला सांगितले. तिने सहा टाके घातले. सारख्या अंतराचे, सारख्या ताणाचे. सर मनोमन हरखले. सातव्या टाक्याला मात्र तिने सुई त्यांच्यापेक्षा वेगळी धरली आणि गाठ मारली.

चिमटा कधी उचलला गेला, हे त्यांनाही कळले नाही. पेरावर खट्‌कन आवाज झाला.

मुलीने सुई शांतपणे ट्रेमध्ये ठेवली. “टाका चुकला का, सर?”

“टाका नाही. पद्धत.”

“मग सांगायचं ना. मला ऐकू येतं.”

“अगं, आम्ही असेच शिकलो. एवढ्यानं कुणी मरत नाही.”

“आधीचे तिघं कुठे असतात आता?”

“एक टकलांवर केस लावतो, एक औषधं विकतो,” सिस्टरनी परस्पर सांगून टाकले. “तिसऱ्यानं डॉक्टरकीच सोडली.”

“येते मी,” म्हणून मुलीने बॅग उचलली.

‘थांब, चुकलं माझं,’ हे शब्द सरांच्या अगदी ओठांवर आले होते. पण सिस्टर बघत होत्या.

दार लागल्यावर त्यांनी सातवा टाका भिंगाखाली धरला. सगळ्यांत सरस तोच होता. मग निवड समितीचा कागद पुढे ओढून त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले : ‘उमेदवाराचे हस्तकौशल्य अपुरे.’

सिस्टरनी ते खांद्यावरून वाचले.

“दुसऱ्या थिएटरच्या यादीत नऊ पेशंट आहेत. त्यांना काय सांगू?”

“थांबायला सांगा,” सर म्हणाले आणि खाली सही केली.